पैसा नंतर, आधी माणूस मागा

या आठवड्याचं पत्र तासगाव तालुक्यातून आलंय. थोडं आखडून देतो.

"नमस्कार. आमची बेदाणा करणाऱ्या बायकांची नोंदणीकृत संस्था आहे. नऊ वर्षं झाली. वर्षाचा खर्च चार लाखांच्या आसपास, तो वर्गणी आणि देणग्यांतून भागतो. गेल्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातले एक निवृत्त द्राक्षतज्ज्ञ फिरत फिरत आमच्याकडे आले आणि चार दिवस शेडवर बसून राहिले. जाळीखालून हात फिरवून बोटावरची धूळ दाखवली. द्राक्षं बुडवायचं पाणी किती क्रेटनंतर बदलता म्हणून विचारलं, तर आमच्यातल्या एकीलाही सांगता आलं नाही. जाताना त्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं वाटली, पेपरात फोटोसकट बातमी आली. आता सगळ्याजणी म्हणतात, दर वर्षी असे चार-पाच तज्ज्ञ आणू आणि आपल्यातल्या चौघी तिकडं पाठवू. अशा देवाणघेवाणीसाठी सरकारं संस्थांना अनुदान देतात असं ऐकलंय. पुण्याचे एक सल्लागार म्हणतात, पन्नास लाखांचं परदेशी सरकारी अनुदान काढून देतो, दीड लाख आधी भरा, दहा टक्के नंतर. माझ्या चुलतभावाची कॅलिफोर्नियात छोटी संस्था आहे. तो म्हणतो, वीस हजार डॉलर उद्याच पाठवतो. तालुका कृषी अधिकाऱ्यांनाही दौऱ्याला न्यायचा विचार आहे. काय करावं? — सचिव"

ताई, दोन कामं आजच उरका. सल्लागारांना दीड लाख देऊ नका. आणि चुलतभावाला फोन लावून सांगा की बाबा, तुझं मन मोठं आहे, पण संस्थेच्या खात्यावर एक डॉलरही टाकू नकोस. बाकीचं पत्र त्यानंतर निवांत वाचलंत तरी चालेल.

भावाचं आधी. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेकडं एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते, नाहीतर त्या एका रकमेपुरती पूर्वपरवानगी. दोन्ही देतं केंद्राचं गृहमंत्रालय. दोन्ही नसताना पैसे घेतले तर तो गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रक्कम रुपयांत आली म्हणून सुटका होत नाही. देणारा कोण, ते बघतात. भाऊ अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या खिशातून देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर खिशात मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असो, दर गणपतीला तो गावी येत असो, कायद्याच्या लेखी तो परदेशीच. आणि त्याची तिकडची संस्था तर परदेशी आहेच, त्यात वादच नाही.

मग तुम्ही म्हणाल, नोंदणी करून टाकू. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं चालू असावी लागते, आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. तुमचे चार त्रिक बारा. म्हणजे आज तरी दार बंद. पूर्वपरवानगीला ही १५ लाखांची अट नाही. तिथं देणारा ठरलेला, रक्कम ठरलेली, काम ठरलेलं, आणि देणाऱ्याचं तसं लेखी पत्र लागतं. पण इथं भाऊ आडवा येतो. देणारी संस्था असेल तर तिच्यात आपला मुख्य पदाधिकारी असता कामा नये, आणि आपल्या कार्यकारिणीतले किमान ७५ टक्के लोक तिचे सभासद किंवा नोकर नसावेत. देणारी व्यक्ती असेल तर ७५ टक्के पदाधिकारी तिचे जवळचे नातेवाईक नसावेत. आपल्याकडच्या संस्था कशा असतात ते मला तीस वर्षांच्या हिशेबतपासणीनं पक्कं माहीत आहे. अध्यक्ष चुलती, खजिनदार जाऊ, सभासद दोन भावजया. यादी काढून नाती मोजा आणि मगच अर्जाचा विचार करा.

आणखी एक वाट तुम्हाला कुणीतरी सुचवणारच, म्हणून आत्ताच बुजवतो. "अमक्या मोठ्या संस्थेकडं एफसीआरए आहे, त्यांच्या खात्यावर घेऊ आणि ते आपल्याला देतील." २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं आपली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायलाच बंदी आहे, मग दुसरीकडं नोंदणी असो वा नसो. त्याच दुरुस्तीनं आणखी दोन गाठी मारल्या. देणगी येणार ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात (खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, आपल्या शाखेतून कागद जातात). आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, पूर्वी तो ५० टक्के होता. त्यात बसवा बघू सल्लागारांचे दहा टक्के, तुमच्या लेखनिकाचा पगार आणि ऑडिटरची फी.

आता मूळ प्रश्न. सरकारं अशा देवाणघेवाणीला पैसे देतात का? देतात, बऱ्यापैकी देतात. पण बहुतेक वेळा देतात ते आपल्या देशातल्या संस्थेला. ती संस्था तज्ज्ञ शोधते, त्याचं तिकीट काढते, विमा उतरवते, हिशेब स्वतःच्या सरकारला देते. सांगलीतल्या संस्थेच्या हातात पडतो तो पैसा नाही, माणूस पडतो. हे एकदा नीट उमगलं की निम्मी धावपळ वाचते.

जर्मनीचं उदाहरण घ्या. बॉनची सीनिअर एक्स्पर्टन सर्व्हिस १९८३ पासून निवृत्त जाणकारांना जगभर पाठवते. बेकरीवाला, वेल्डर, दुग्धतज्ज्ञ, नर्स, शेतीवाला, सगळे. ते मानधन घेत नाहीत. काही आठवड्यांसाठी येतात, जास्तीत जास्त सहा महिने. यजमानाची ऐपत नसेल तर प्रवासाच्या बोजात जर्मन सरकारच्या विकास मंत्रालयाचा पैसा हातभार लावतो. राहणं, जेवण, स्थानिक फिरणं यजमानाकडं. नेदरलँड्समधली पीयूएम ही संस्था १९७८ पासून याच चालीवर, डच परराष्ट्र मंत्रालयाच्या पैशावर काम करत आलीय. अमेरिकेचा फुलब्राइट स्पेशालिस्ट कार्यक्रम दोन ते सहा आठवड्यांचा. प्रवास आणि मानधन तिकडून, पाहुण्याचं राहणं-खाणं इकडून. जपान सरकारच्या जायका या मदत संस्थेचा भागीदारी कार्यक्रम आहे, पण अर्ज करायचा जपानी संस्थेनं, विद्यापीठानं किंवा नगरपालिकेनं. आपण फक्त जोडीदार. मुंबईच्या जपानी वकिलातीचं तळागाळातल्या प्रकल्पांसाठीचं अनुदान भारतीय संस्थेला थेट मिळतं खरं, पण त्याचा रोख इमारत, यंत्रसामग्री, रुग्णवाहिका याकडं. आणि तिथंही एफसीआरए लागतोच.

अमेरिकेचं मात्र सावध ऐका, कारण तुमची सगळी आशा तिकडं आहे. १९८५ च्या अमेरिकन शेती कायद्यातून 'फार्मर टू फार्मर' नावाचा कार्यक्रम निघाला. तिथले शेतकरी, प्राध्यापक, प्रक्रिया उद्योगवाले विनामोबदला बाहेरच्या देशांत जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करायचे. पैसा यूएसएड या अमेरिकन सरकारच्या परदेशी मदत संस्थेचा, कार्यक्रम राबवणाऱ्या तिकडच्या बिनसरकारी संस्था. तुमच्या पाहुण्यांसारख्या माणसासाठी अगदी मापाचा कपडा. २० जानेवारी २०२५ ला नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत ९० दिवस थांबवायचा आदेश काढला आणि १ जुलै २०२५ ला यूएसएडचं दुकानच बंद झालं. चाळीस वर्षं चाललेली कामं, आणि कुठं तज्ज्ञ परत बोलावले, कुठं झालेल्या खर्चाची बिलं अडकली. आपल्याकडं सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, माणूस जनावरं सोडून वर तरी जातो. अनुदानाला असली पट्टी कुणी लावलेली नसते. म्हणून परदेशी सरकारच्या अनुदानावर पगारी माणूस नेमायचा, शेड भाड्यानं घ्यायची, हे करू नका. पाहुणा आला तर सोनं, नाही आला तर शेड चालूच, असं ठेवा.

भारत सरकारचा पैसा? आहे, आणि तो रुपयांत असतो, एफसीआरएची भानगड नाही. परराष्ट्र मंत्रालयाचा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे. त्यात परदेशातले लोक भारतात शिकायला येतात आणि आपले जाणकार बाहेर जातात. एखाद्या स्वयंसेवी संस्थेला यात जागा मिळते का, तर राजस्थानातल्या तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज बघा. २००८ पासून आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या खेड्यांतल्या बायका सहा महिने तिथं राहून सौरदिवे जोडायला शिकल्या, आणि त्यांच्या प्रवास-प्रशिक्षणाचा खर्च आयटेकनं उचलला. अक्षरओळख नसलेल्या बायका, भाषा वेगळी, शिकवणं रंगांच्या खुणांवर. पण तिलोनियाचं काम १९७२ पासूनचं, म्हणजे सरकारनं हात धरला तेव्हा त्यांच्या गाठीला छत्तीस वर्षं होती. तुमची नऊ आहेत. घाई नको, पण ही वाट डोक्यात ठेवा. उद्या टांझानियाच्या बायका बेदाणा शिकायला तासगावला का येऊ नयेत?

दुसरी सरकारी योजना 'ज्ञान' नावाची, २०१५ ची. परदेशी प्राध्यापकाला आठवडा-दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी बोलवता येतं. १२ ते १४ तासांच्या शिकवणीला ८,००० डॉलरपर्यंत, २० ते २८ तासांना १२,००० डॉलरपर्यंत. हे विद्यापीठं आणि उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. पण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अन्नशास्त्राचं कुणी हे करायला तयार झालं, तर त्या पाहुण्याचे दोन दिवस शेडवर मागायला कोण अडवतंय? विचारून बघायला पैसे पडत नाहीत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथंही तुमचं कुणी ओळखीचं नसेल तर या हंगामात ओळख काढा. परदेशी संस्था पहिल्यांदा हेच विचारते की तुमच्या जवळचा जाणकार याबद्दल काय म्हणतो. सात समुद्रापलीकडून तज्ज्ञ आणायचा आणि दोनशे-अडीचशे किलोमीटरवरचा विचारलेलाच नाही, हे बरं दिसत नाही.

राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यासदौऱ्याची योजना आहे. ती शेतकऱ्याला वैयक्तिक मिळते, संस्थेला नाही, आणि पूर्ण खर्च मिळत नाही. अर्ज तालुका कृषी कार्यालयात. त्या चौघींपैकी ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्या यात बसू शकतील. ज्यांच्या नावावर नाही त्यांचं काय, हा प्रश्न माझ्या सदराच्या बाहेरचा आणि तुमच्या घरांच्या आतला आहे.

आता ज्यावर खरा वेळ घालवायचा ते. मागणी कशी लिहायची.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला प्रस्ताव वाचला. "आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शनातून ग्रामीण महिलांचे सर्वांगीण सक्षमीकरण साधणे." ताई, हे वाक्य मी आजवर इतक्या फायलींत वाचलंय की मला ते झोपेत म्हणता येतं. बॉनच्या त्या जर्मन संस्थेत बसलेल्या बाईला यावरून काय कळणार, कुणाला पाठवायचं? बेकरीवाल्याला की नर्सला? उलट तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, की पाणी कधी बदलायचं हे एकीलाही सांगता आलं नाही, ते सोन्यासारखं आहे. तेच प्रस्तावात घाला. असं काहीतरी :

"आमच्या इतक्या शेडमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल इतके टन बेदाणा होतो. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घालून द्राक्षं बुडवतो आणि जाळीवर सावलीत वाळवतो. एका पाण्यात किती क्रेट बुडवावेत, पाणी कधी फेकावं, याचं मोजमाप आमच्याकडं नाही, अंदाजानं चालतं. त्यामुळं एकाच शेडच्या मालाचा रंग वेगवेगळा येतो. शेड रस्त्याकडेला आहेत, धूळ बसते. गेल्या हंगामात काडी-कचरा आणि धुळीवरून व्यापाऱ्यानं इतक्या वेळा दर कापला. आम्हाला तीन आठवड्यांसाठी असा माणूस हवा, ज्यानं स्वतः बेदाण्याचं युनिट चालवलंय. तो आमच्या बायकांबरोबर पाणी मोजायची, शेड झाकायची आणि नोंद ठेवायची पद्धत बसवेल. तो गेल्यावर त्याच नोंदवहीवर पुढच्या हंगामात रंग आणि दर ताडून बघू."

एवढंच. 'इतक्या'च्या जागी तुमचे खरे आकडे घाला. आकडा लहान असला तरी खरा घाला, फुगवलेला ओळखू येतो. आणि ही नोंदवही आत्तापासूनच सुरू करा, तज्ज्ञाची वाट बघू नका. दोनशे पानी वही, चार रकाने : तारीख, पाणी कधी केलं, किती क्रेट, बेदाण्याचा रंग. परदेशी संस्थेसमोर या वहीची चार पानं ठेवलीत तर पन्नास पानी प्रस्तावापेक्षा जास्त काम होईल. गंमत अशी की ही बुडवायची पद्धत ऑस्ट्रेलियन म्हणूनच ओळखली जाते. म्हणजे तज्ज्ञांची देवाणघेवाण आपल्या शेडमध्ये आधीच झालेली आहे, फक्त नोंद आपण ठेवली नाही.

ऑस्ट्रेलियावरून आठवलं, हंगाम बघा. तिकडचा बेदाण्याचा मुलूख म्हणजे मिल्ड्युरा. त्यांची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकी आपल्या वेळेला. तिथला कामाचा माणूस तेव्हा तुमच्याकडं येणार नाही. जो येईल तो रिकामा का आहे, हे विचारावं लागेल. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोकडं आणि तुर्कस्तानातल्या मनिसाकडं काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात. ते लोक फेब्रुवारीत मोकळे, आणि आपल्या बायका ऑगस्टमध्ये मोकळ्या, कारण फळछाटणी ऑक्टोबरात. म्हणजे येणं-जाणं दोन्ही जुळतं. एवढी एक ओळ प्रस्तावात लिहिलीत तर वाचणाऱ्याला कळेल की लिहिणारीनं बाग बघितलेली आहे. आणि फेब्रुवारीत माणूस हवा असेल तर आदल्या फेब्रुवारीतच पत्रव्यवहार सुरू करा. सरकारी पैशाच्या कार्यक्रमांना वर्ष-दीड वर्ष सहज लागतं.

भावाचा उपयोग आता होईल. त्याच्या संस्थेनं पैसे तुम्हाला द्यायचेच नाहीत. तज्ज्ञ शोधणं, तिकीट, व्हिसाची फी, विमा, हे तिनं तिकडंच, स्वतःच्या खात्यातून करायचं. तिकडच्या सरकारी किंवा खासगी निधीला अर्ज करायचा तर तोही तिनंच. माणूस मुंबईत उतरल्यापासूनचा खर्च तुमचा. दोघांत करार करा, दोन पानी, ज्यात कुणी काय करायचं ते आहे आणि रुपया-डॉलर कुठंही नाही. इथल्या खर्चासाठी स्थानिक कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा, निधी मागता येतो, त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी करून घ्या. मात्र बायकांच्या परदेशवारीला तो पैसा मागू नका. सीएसआर भारतातल्या कामासाठीच असतो. संस्थेचा स्वतःचा पैसा परदेशात खर्च करायचाही मोह टाळा. ट्रस्टला प्राप्तिकराची सवलत मिळते ती भारतात केलेल्या धर्मादाय खर्चावर. बाहेरच्या खर्चासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. तुमच्या सीएंना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

गेल्या फेब्रुवारीतल्या पाहुण्यांचं. बातमी आणि फोटो वाचून माझ्या पोटात गोळा आला होता, पण घाबरायचं कारण दिसत नाही. पर्यटक व्हिसावर महिन्याच्या आतलं, कसलाही मोबदला न घेता केलेलं स्वयंसेवी काम चालतं. शाल-श्रीफळ दिलं असेल तर ठीक. पाकीट दिलं असेल तर ते माझ्या कानावर घालू नका आणि पुन्हा करू नका. यापुढं कुणी महिन्याहून जास्त राहणार असेल, तर संस्थेत विनावेतन काम करायलाही रोजगार व्हिसा लागतो, संस्थेच्या नावाच्या शेऱ्यासह. आणि पाहुणा सभासदाच्या घरी उतरला तरी २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणीच्या पोर्टलवर भरायची असते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं येतं. मिरजेत आमच्याच घरी एकदा जर्मन पाहुणा उतरला होता. आम्ही त्याला पुरणपोळी वाढण्यात दंग, आणि तिसऱ्या दिवशी हवालदार दारात. मी नियमांवर सदर लिहिणारा माणूस! चहा पाजून, माफी मागून, फॉर्म भरून सुटलो.

पाहुण्याच्या बॅगेवरही लक्ष ठेवा. येताना तो प्रेमानं नव्या जातीच्या चार काड्या ओल्या कापडात गुंडाळून आणेल. आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते चालत नाही. एका काडीतून येणारा रोग अख्खा तालुका निस्तरतो. जाताना कुणी हौसेनं हळदीचे गड्डे किंवा वेलीच्या काड्या संशोधनाला म्हणून देईल. परदेशी माणसाला आपली जैविक सामग्री संशोधनासाठी न्यायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. वाटायचंच असेल तर बेदाण्याचं पाकीट द्या, तुमची जाहिरातही होईल.

कृषी अधिकारी साहेबांना न्यायचं असेल तर एक अडचण आहे. परदेशी संस्था कुणाच्या प्रवासाचा, राहण्याचा खर्च करत असेल तर त्याला परदेशी आदरातिथ्य म्हणतात. तुमच्या चौघींना त्याची परवानगी लागत नाही. सरकारी नोकराला लागते, एफसी-२ नावाच्या अर्जानं, निघायच्या निदान दोन आठवडे आधी, आणि वर खात्याची परवानगी वेगळी. साहेबांना स्वतःला हे करायचा उत्साह असेल तर उत्तम. नसेल तर तुम्ही त्यांच्या फायलीमागं फिरू नका.

तुमच्या संस्थेत कुणी शिकलेली तरुण मुलगी असेल आणि अमेरिकन सरकारच्या पैशावर जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसानं तिकडं जाणार असेल, तर तिला आधीच सांगा : परत आल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तिकडचा नोकरीचा एच-१बी व्हिसा किंवा ग्रीनकार्ड मिळत नाही. स्थळं बघणं चालू असलेल्या घरात ही बातमी उशिरा कळली की त्रास होतो. एकदा पाहिलंय.

दुभाष्याकडं दुर्लक्ष करू नका. इंग्रजी येणारा पाहिजे, पण त्याहून बाग कळणारा पाहिजे. एका कार्यक्रमात पाहुण्यानं 'कॅनोपी', म्हणजे वेलीवरचा पानांचा पसारा, दाट झालीय म्हणून सांगितलं आणि दुभाषा पोरगा म्हणाला, छत्री दाट आहे. पुढची दहा मिनिटं बायका विचारत होत्या, एकरी किती छत्र्या लावायच्या. कृषी महाविद्यालयातली एखादी शेवटच्या वर्षाची मुलगी बघा, तिला दिवसाचा भत्ता द्या आणि पाहुणा यायच्या आधी एक आठवडा शेडवर बसवा.

राहिले सल्लागार. त्यांना टक्केवारीचं काम देऊ नका. टक्केवारीवर काम करणारा रक्कम फुगवणारच. जे पन्नास लाख पूर्वपरवानगीशिवाय तुमच्या संस्थेला घेताच येत नाहीत, ते काढून द्यायचे दीड लाख कसले? त्यापेक्षा धर्मादाय कार्यालयात तुमचे बदल अर्ज प्रलंबित आहेत का बघा. नऊ वर्षांत एखादी विश्वस्त वारली असेल, एखादी सोडून गेली असेल, आणि त्या कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, म्हणजे परिशिष्टावर, अजून जुनीच नावं असतील. स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचं सरकारी दर्पण पोर्टल आहे, त्यावर नोंद आहे का बघा. संस्थेच्या नियमावलीत प्रशिक्षण, देवाणघेवाण असा उद्देश लिहिलाय का बघा. हे कागद नीट लावायला एखादे सीए किंवा वकील ठरावीक फी घेतील, ती द्या. वर्षाचा खर्च चारावरून पाच-सहा लाखांवर गेला की तीन वर्षांत नोंदणीची १५ लाखांची अटही पार होईल. तेव्हा दिल्लीच्या खात्याचं बघू.

पुढच्या पत्रात प्रस्ताव पाठवू नका, त्या वहीची पहिल्या पंधरा दिवसांची झेरॉक्स पाठवा. रंगाच्या रकान्यात 'बरा' असं लिहू नका, हिरवा, पिवळा, तपकिरी असं लिहा.